शून्य कोणी हलवलं

रविवारी शेडचं शटर अर्धंच वर गेलं, तेव्हाच जावयाच्या मनात पाल चुकचुकली. पूर्ण वर म्हणजे काम, पूर्ण खाली म्हणजे सुट्टी. अर्धं वर म्हणजे घरातलं काहीतरी, जे गल्लीच्या कानावर जायला नको. सासूबाई गेल्यानंतरची बैठक ह्याच अर्ध्या शटराआड झाली होती. त्या बैठकीतून उठून वेगळा राहायला गेलेला थोरला मेव्हणा आज प्रथमच परत आला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. बसण्याआधी त्यानं स्टूल रुमालानं पुसलं. ज्या शेडमध्ये हा माणूस लहानाचा मोठा झाला, तिथलं स्टूल तो पुसून बसतो, ह्यातून काय समजायचं?

जावयानं समजायचं ते समजून घेतलं. ह्या बाबतीत तो कधीच कमी पडत नसे. उमेदीची सगळी वर्षं त्यानं एका मोठ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली होती. कोण कोणाच्या जागी हजेरी लावतं, कोण डबा आणायला म्हणून जातो आणि सिनेमा बघून येतो, हे हुडकून काढणं हेच त्याचं काम. कारखाना बंद पडला, पण ती नजर काही बंद पडली नाही. घरी येऊन तो दूधवाल्यावर संशय घेऊ लागला, मग शेजाऱ्यांवर, आणि शेवटी बायको त्याला हाताला धरून माहेरी घेऊन आली. "काहीतरी काम करा, नाहीतर तुम्ही माझ्यावरच पाळत ठेवाल," असं ती म्हणाली होती. हसत म्हणाली होती, पण त्या हसण्यातही त्याला काहीतरी दिसलंच होतं.

अशा रीतीनं चाळिशीला टेकलेला हा गृहस्थ सासऱ्यांच्या शेडमध्ये शिकाऊ म्हणून लागला. तीन मशीनांची शेड. मोठं लेथ सासऱ्यांचं, पलीकडचं मिलिंग मशीन धाकट्या मेव्हण्याचं, आणि मधलं लेथ एकेकाळी थोरल्याचं. थोरला विक्रीच्या नोकरीला गेला आणि ते मशीन ताडपत्रीखाली गेलं. ती ताडपत्री जावयासाठी निघाली. शिकवायला धाकटा. आता शिकवणारा वयानं लहान, नात्यानं मेव्हणा, त्यामुळे बिचाऱ्याला रागवायची पंचाईत. "भाऊजी, टूल मोडेल हां," एवढंच तो म्हणे, तेही टूल मोडून झाल्यावर. सासऱ्यांना असली पंचाईत नव्हती. पण जावयाला अरेतुरे करणं त्यांच्या जिभेवर नव्हतं. "तुम्ही मूर्ख आहात, जावईबापू," असं ते पूर्ण आदरानं म्हणत आणि वर "चहा घ्या" म्हणत.

एवढं सोडलं तर दिवस बरे चालले होते. लोखंड कापताना येणारा वास त्याला आवडायला लागला होता. हाताला घट्टे पडले होते आणि ते तो बायकोला दाखवत असे. आयुष्यात पहिल्यांदा संध्याकाळी त्याच्यासमोर काहीतरी तयार होऊन पडलेलं असे. नाहीतर टाइम ऑफिसात दिवसभर काम करून रोज चार माणसांचे शिव्याशाप तेवढे मिळत.

आणि आज शेडच्या मधोमध ते खोकं उघडं पडलं होतं. गिऱ्हाइकानं परत पाठवलेलं. खोक्यात त्यानं कापलेल्या पिना होत्या, बोटाएवढ्या जाड, चकचकीत, एकजात ढिल्या. भोकात घातल्या की डुगडुगायच्या. पिन जाड राहिली तर पुन्हा कापता येते. बारीक झाली की संपलं, ती काही परत जाड होत नाही.

"गिऱ्हाईक काय म्हणालं ते सांगू का?" थोरल्यानं विचारलं. ते गिऱ्हाईक त्याच्याच ओळखीनं आलेलं होतं. "तो म्हणाला, तुमच्या शेडमध्ये हल्ली शिकवणी चालते की काम?"

 बायको चहाचे कप मांडत होती, तिचा हात थांबला.

"मी घरातल्या माणसाविरुद्ध बोलत नाही," थोरला पुढे म्हणाला. ज्याअर्थी असं म्हणाला त्याअर्थी बोलणारच होता. "पण जावईबापूंचं वय आता हे शिकण्याचं नाही. मधलं मशीन घ्यायला माझ्याकडे माणूस तयार आहे. शेडचा अर्धा भाग गोदामाला जाईल. बाबांनाही आराम. भाऊजींना मी कुठेतरी वॉचमन, सुपरवायझर असं बघतो. त्यांची नजर चांगली आहे."

वॉचमन!  म्हणजे आज इथून उठताना एक तर मधल्या मशीनवर त्याची जागा राहणार, नाहीतर पुन्हा कुठल्यातरी गेटवर उभं राहून लोकांच्या पिशव्या हुंगायच्या. ह्या वयात तिसऱ्यांदा सुरुवात करायची ताकद त्याच्यात नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि हात मात्र आता कुठे वळायला लागले होते.

"पिना मी शून्यावरच थांबवल्यात," तो म्हणाला. "प्रत्येक पिन. देवाशपथ."

ह्यातली गोम अशी. ह्या शेडची एक रीत होती, सासऱ्यांनी घातलेली, आणि दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. संध्याकाळी मशीन कोरं सोडून जायचं नाही. काम चकमध्ये, म्हणजे मशीनच्या जबड्यात, आवळलेलं, कापायचं टूल लावलेलं, हँडलच्या डायलवरचं शून्य बरोबर शेवटच्या मापाला जुळवलेलं, अशा अवस्थेत दिवे बंद करायचे. सकाळी आलं की मशीन सुरू, हँडल फिरवत शून्यापर्यंत न्यायचं आणि थांबायचं. सासरे म्हणत, सकाळी माणूस झोपेत असतो, पण आदल्या संध्याकाळचा माणूस शहाणा असतो, त्याचं ऐकावं. दुसरी रीत अशी की मायक्रोमीटर, म्हणजे केसाएवढी जाडी मोजायचं हत्यार, सासऱ्यांच्या हातात. शिकाऊ माणसानं कापायचं, मोजायचं नाही. पिन त्यांच्याकडे न्यायची, ते मोजत, "हं, जाऊ दे" म्हणत, आणि ती खोक्यात पडायची.

मग शून्य बरोबर, मोजणारा सासऱ्यांसारखा माणूस, तरी पिना बारीक कशा? जावयानं ह्याचा विचार केला होता, आणि त्याच्या विचारांची गाडी नेहमीच्याच स्टेशनावर येऊन थांबली होती. कोणीतरी शून्य हलवतंय. तो संध्याकाळी जुळवून जातो आणि तो येईपर्यंत कोणीतरी डायलची कडी, जिच्यावर शून्याची खूण असते ती, केसभर सरकवून ठेवतं. का? त्यानं तोंडघशी पडावं म्हणून. कोण? शेडच्या किल्ल्या सासऱ्यांकडे आणि धाकट्याकडे. सासरे स्वतःच्याच कामाला कशाला सुरुंग लावतील? उरला धाकटा. तो गोड बोलणारा, "भाऊजी भाऊजी" करणारा धाकटा! उद्या शेड कोणाची होणार, ह्या हिशेबात जावई नावाचा वाटेकरी कोणाला हवा असतो?

म्हणून शनिवारी संध्याकाळी जावयानं सापळा लावला होता. दोन सपाट भाग एकमेकांवर नीट बसतात की नाही हे बघायला त्यांच्यामध्ये एक निळी पेस्ट लावतात. डबा उघडताना नुसता बघितला तरी हाताला लागेल असला चिवट रंग. पाण्यानं जात नाही, साबणानं पसरतो. त्यानं ती डायलच्या कडीच्या मागच्या बाजूला, जिथे बोटं टेकतात तिथे, कापसाच्या बोळ्यानं लावून ठेवली. मग घरी जाऊन तो फार दिवसांनी गाढ झोपला.

आता तो फक्त हात बघत होता.

थोरल्याचे हात स्वच्छ. अर्थात, तो आलाच होता नुकता. बायकोचे हात स्वच्छ. तरी त्यानं दोन वेळा बघितले, आणि तिनं ते बघताना त्याला बघितलं. धाकटा मिलिंग मशीनला टेकून, हाताची घडी घालून उभा होता. बोटं काखेत! सकाळपासून ह्या माणसानं काखेतून बोटं काढली नव्हती. बहिणीनं चहा पुढे केला तर म्हणाला, "तिथेच ठेव, ताई." आणखी एक गोष्ट. सासऱ्यांची खुर्ची रोज शटरजवळ, उजेडात असायची. आज ती मागच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या कपाटाच्या सावलीत मांडलेली होती. तिथे त्यांना बसवलं होतं धाकट्यानं. "इथे वारं लागत नाही, बाबा," असं म्हणून. शेडमध्ये वारं कधी येत होतं? इथे पाणी मुरत होतं, नक्की.

"शून्यावर थांबवल्या असतील," सासरे कोपऱ्यातून म्हणाले. "शून्यच चुकीचं लावलं असेल. तुम्हाला किती वेळा सांगितलं, जावईबापू, कडी आवळताना सरकते. लक्ष नको?"

"कडी सरकली नाही, बाबा. सरकवली."

 थोरल्याचा रुमाल घडी होता होता राहिला.

"म्हणजे?" थोरला म्हणाला.

"म्हणजे मी संध्याकाळी लावून जातो आणि सकाळी कोणीतरी हलवलेलं असतं. बरेच दिवस चाललंय. माझ्याकडे पुरावा आहे."

"आता सुरू झालं ह्यांचं," बायको पुटपुटली.

"सुरू नाही, आज संपणार आहे." जावई उभा राहिला. टाइम ऑफिसात गुन्हेगारासमोर उभं राहायची त्याची एक ढब होती, पोट आत, हनुवटी वर. कित्येक दिवसांनी ती त्याच्या अंगात आली आणि त्याला बरं वाटलं. "कडीच्या मागे मी काल निळा रंग लावलाय. ज्यानं हात लावला त्याच्या बोटांवर तो आत्ता, ह्या क्षणी आहे. घासलेटनं धुतला तरी नखांत राहतो." तो धाकट्याकडे वळला. "हात दाखव."

धाकट्यानं हाताची घडी आणखी घट्ट केली. "भाऊजी, नंतर बोलू."

"नंतर कशाला? सगळे आहेत. हात दाखव."

"भाऊजी, मी पाया पडतो तुमच्या. नंतर."

"अरे दाखव ना!" आता थोरला उठला. पाच मिनिटांपूर्वी जावयाला गेटवर बसवायला निघालेला हा माणूस एका क्षणात त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला. "एवढा काय घाबरतोस? मला आधीच वाटलं होतं. शेड एकट्याला हवी म्हणून भाऊजींना हाकलायचा बेत, आणि नाव मात्र माझं वाईट. दाखव हात!" आणि त्यानं धाकट्याचं मनगट धरून ओढलंच.

बोटं लालभडक झाली होती, इतकी घासलेली. पण नखांच्या कडांना निळी रेघ होती, स्पष्ट.

जावयाला वाटलं होतं, ह्या क्षणी आपल्याला फार आनंद होईल. झालाही. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला. "बघा हा. ज्यानं मला हँडल धरायला शिकवलं तोच. वर्षभर ह्याच्या हाताखाली काम केलं मी, ह्याला उस्ताद मानलं."

"अहो, पुरे," बायको म्हणाली.

तिचा आवाज वेगळाच होता. जावयानं वळून पाहिलं. ती त्याच्याकडे किंवा भावाकडे बघत नव्हती, तिची नजर कोपऱ्यात खिळली होती. "पुरे म्हणते ना. चहा थंड होतोय. घ्या सगळ्यांनी."

भावाला पाठीशी घालतेय! दुसरं काय असणार? रक्त शेवटी रक्ताकडे ओढतं. "का पुरे?" तो म्हणाला. "माझ्यावर खोकंभर पिनांचा आळ आला तेव्हा नाही म्हणालीस पुरे!"

"तू मध्ये पडू नकोस," थोरला बहिणीवर खेकसला. धाकटा म्हणाला, "दादा, तिच्यावर ओरडू नकोस." थोरला म्हणाला, "तू तर बोलूच नकोस." मग चौघंही एकदम बोलायला लागले. सासूबाईंची आजारपणं निघाली, कोण किती वेळा दवाखान्यात आलं ते निघालं, ताईच्या लग्नात कोण रुसलं ते निघालं, आणि शटर अर्धं खाली असूनही गल्लीला सगळं ऐकू जाऊ लागलं.

"गप्प बसा सगळे!"

सासरे खुर्चीतून उठून उजेडात आले होते. त्यांनी हात वर केला होता, पोरं लहान असताना करायचे तसा. आणि सगळे गप्प झाले, एका क्षणात, जीभ चावल्यासारखे.

तो तळहात निळा होता. नुसती बोटं नव्हे, आख्खा तळहात, मनगटापर्यंत. रविवारचा पांढरा शर्ट, त्याच्या कॉलरवर निळी बोटं. कानाची पाळी निळी, भुवईजवळ एक फराटा, धोतरावर दोन पंजे. हातातल्या चहाच्या कपावर निळे ठसे. सकाळपासून ह्या माणसानं जिथे जिथे हात लावला होता तिथे तिथे तो दिसत होता, आणि त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हतं.

सासऱ्यांना वाटलं, आपल्या दराऱ्यानं पोरं गप्प झाली. ते समाधानानं खाकरले. "हं. आता एकेकानं बोला. रंग कोणाच्या हाताला लागलाय?" हात अजून वरच होता.

धाकट्यानं डोळे मिटले. बायकोनं पदर तोंडात धरला. थोरला इस्त्रीच्या शर्टात नुसता उभा राहिला.

ह्या क्षणी गप्प बसायला हवं होतं. हे जावयाला पुढे आयुष्यभर कळत राहिलं. पण वर्षानुवर्षांची सवय होती. गुन्हेगार समोर आला की नाव घ्यायचं. ते आपोआप तोंडातून बाहेर पडलं.

"तुमच्या, बाबा."

"काय माझ्या?"

"तुमच्या हाताला."

सासऱ्यांनी हात खाली आणला, डोळ्यांसमोर धरला. मग जवळ नेला. मग आणखी जवळ, पार नाकाला टेकेपर्यंत. तळहात उलटा केला, सुलटा केला. "कुठे?" त्यांनी विचारलं.

 बायको पुढे झाली, तिनं वडिलांचा हात आपल्या पदरात घेतला आणि पुसायला लागली. जाणारा रंग नव्हता तो, तरी पुसत राहिली.

"तुला माहीत होतं?" थोरल्यानं धाकट्याला विचारलं. आवाजातला सगळा ताठा गेला होता.

"होतं." धाकटा खाली बघत म्हणाला. "बाबा रोज पहाटे येतात. भाऊजींनी लावलेलं शून्य तपासतात. त्यांना विश्वास नाही ना कोणावर. माझं पण तपासायचे आधी. डायलवरच्या रेघा दिसत नाहीत, मग अंदाजानं सरकवतात. ते गेले की मी येतो आणि पुन्हा जुळवून ठेवतो. आजही आलो, आणि बोटं निळी झाली तेव्हा कळलं भाऊजींनी काय केलंय. बाबांना अंधारात बसवलं, आणखी काय करणार होतो?"

"आणि पिना? मोजून देतात ना ते?"

"मायक्रोमीटर डोळ्यांसमोर धरतात. वाचत नाहीत. पिना मी मागाहून पुन्हा मोजायचो. ह्या खोक्याच्या वेळी तापानं पडलो होतो."

"मग सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"कोणाला? तुला?" धाकट्यानं पहिल्यांदा मान वर केली. "दुसऱ्या दिवशी मशीनला गिऱ्हाईक घेऊन उभा राहिला असतास तू. आजही घेऊनच आलायस."

थोरल्यानं नजर हातातल्या रुमालाकडे वळवली. तेवढ्यानं सगळं कबूल झालं.

"आणि माझं काय?" जावयाचा आवाज चिरका झाला. "खोकं परत आलं तेव्हा नाव माझं झालं. तू बघत राहिलास."

"शिकाऊ माणसाचं काय, भाऊजी," धाकटा कसनुसा म्हणाला. "तो चुकला तर कोणाला नवल वाटत नाही."

जावयाच्या जिव्हारी लागलं ते. म्हणजे त्याचा संशय खरा होता. बळीचा बकरा तोच होता. फक्त सुरी धरलेला हात कोणाचा हे त्याला चुकीचं कळलं होतं, आणि कशासाठी हे तर अजिबातच कळलं नव्हतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "हल्ली मी जिना चढून आले की बाबा 'कोण?' विचारायचे. मला वाटलं, तुम्हाला इथे आणलं म्हणून रुसलेत." आणि ती रडायला लागली.

"रडतेस काय?" सासरे तिच्यावर कडाडले. त्यांनी आपला हात सोडवून घेतला. "काय झालंय रडायला? मला दिसत नाही? कोण म्हणतं दिसत नाही?" ते धाकट्याकडे वळले, म्हणजे धाकटा होता असं त्यांना वाटलं तिकडे. तिथे थोरला होता. "माझ्या मागून माझं काम तपासतोस? माझं? तुला मायक्रोमीटर उलटा की सुलटा कळत नव्हता तेव्हापासून मी कापतोय!"

"बाबा, डॉक्टरकडे जाऊ," थोरला हळूच म्हणाला. "आणि शेडचं आपण..."

"शेडचं काय करायचं ते आत्ता ठरवू." सासऱ्यांनी बाह्या वर सारल्या. "मधल्या मशीनवर पिन आहे ना आवळलेली? ती मी काढतो. मापात आली तर ह्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही कोणी. डॉक्टर नाही, गोदाम नाही. जावईबापू शिकतील तसे शिकतील. आणि नाही आली, तर मी उद्यापासून घरी. विका मशीन. कबूल?"

 कोणी कबूल म्हणायची त्यांनी वाट बघितली नाही. मशीनपाशी जाताना त्यांचा हात भिंतीवरून, कपाटावरून, टेबलाच्या कडेवरून पुढे पुढे सरकत गेला, आणि इतके दिवस ते असेच चालत होते हे सगळ्यांना आत्ता दिसलं.

मशीन सुरू झालं आणि म्हाताऱ्याची पाठ सरळ झाली. त्यांनी टूल पिनेला टेकवलं ते डोळ्यांनी नव्हे, कानांनी. पातळसा खर्र आवाज आला, त्यांनी मान हलवली. एक हात हँडलवर, दुसरा खाली पडणाऱ्या लोखंडाच्या किसाखाली. कीस किती जाड, किती गरम, हे बोटांनी चाचपत ते कापत होते. वर्षभर ह्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या, पण त्याला कापताना इतक्या जवळून जावयानं कधी पाहिलं नव्हतं. सासरे नेहमी पाठ करून उभे राहायचे. कला चोरेल म्हणून पाठ करतात, असा त्याचा तर्क होता. आता त्याला वाटलं, न दिसणारे डोळे लपवायला करत असतील, आणि तो तर्कही त्यानं गिळून टाकला. डायलकडे ते एकदा वाकले, पापण्या बारीक केल्या, थांबले. मग डायल सोडून दिलं आणि नुसत्या हातानं हँडल एवढंसं पुढे नेलं.

मशीन थांबलं. पिन सळईपासून कापून वेगळी झाली होती, चकचकत होती. सासऱ्यांनी शर्टाच्या खिशातून मायक्रोमीटर काढला. ह्या शेडमध्ये तो दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेला कोणी पाहिला नव्हता. त्यांनी तो पुढे केला. "वाचा, जावईबापू. तुम्हालाच फार पुराव्याची आवड आहे."

जावयानं पिन मायक्रोमीटरमध्ये धरली. हलकेच आवळली, सोडली, पुन्हा आवळली. रेघा लख्ख दिसत होत्या.

पिन बारीक होती. फार नाही. पण खोक्यातल्या पिनांहूनही थोडी बारीकच.

त्याच्या डोक्यात सगळं एकदम येऊन आदळलं. खरं सांगितलं तर मशीन विकलं जाणार, आणि तो गेटवर. खोटं सांगितलं तर त्याची जागा राहणार. म्हणजे आपण खोटं बोललो तर ते स्वतःसाठी बोललो असं होईल, आणि इथल्या प्रत्येकाला तसंच वाटेल. त्याला स्वतःलासुद्धा वाटेल. आयुष्यभर दुसऱ्यांवर घेतलेला संशय आता त्याच्याच अंगावर आला होता. समोर म्हातारा मान थोडी कलती करून उभा होता, कापण्याचा आवाज ऐकायला करायचा तशी.

"बरोबर आहे," जावई म्हणाला. "एकदम मापात."

सासरे हसले नाहीत. "ह्याच्याकडे द्या."

धाकट्यानं वाचलं.  "हो, बाबा. मापात आहे."

"ताईकडे दे. तिला येतं वाचायला, मी शिकवलंय."

बायकोनं नाक पुसलं, मायक्रोमीटर उजेडाकडे धरला. नवऱ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत तिनं त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. "बरोबर आहे, बाबा."

"आता थोरल्याकडे."

 थोरल्याला खोटं बोलायचं काहीच कारण नव्हतं. एक शब्द खरा बोलला की त्याला हवं ते सगळं त्याच्या हातात पडणार होतं. त्यानं मायक्रोमीटर घेतला. वाचला. रुमालानं पिन पुसली आणि पुन्हा वाचला. त्याची बोटं अजूनही ती वस्तू अगदी सवयीनं धरत होती. 

"मापात आहे," तो शेवटी म्हणाला. घसा साफ करून पुन्हा म्हणाला, "चोख आहे, बाबा."

जावयाला हसू आणि रडू एकदमच आलं. धाकट्यानं मोठा श्वास सोडला. बायको कप गोळा करायला लागली.

सासरे मशीनला धरून उभे होते. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"चौघांचंही एकच?" ते म्हणाले. "दादाचं आणि धाकट्याचं? ताई, तुझं आणि जावईबापूंचं? ह्या घरात?"

बायकोनं गोळा केलेले कप परत खाली ठेवले.

"आईच्या औषधाच्या वेळेवर कधी तुमचं एकमत झालं नाही." त्यांनी चकमधली उरलेली सळई चाचपली, ती अजून कोमट असावी. "किती बारीक आलीय?"

"बाबा, नाही, खरंच..." थोरला म्हणाला.

"तू गप्प. तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही." त्यांनी मान वळवली, आवाजाच्या अंदाजानं, ह्या वेळी बरोबर दिशेला. "जावईबापू. तुम्ही सांगा. किती?"

जावयानं सांगितलं. जेवढी होती तेवढी.

सासऱ्यांनी मान डोलावली, दोन-तीनदा. मशीनचा मुख्य खटका बंद केला. 

"मशीन विकायचं नाही," ते म्हणाले. थोरल्यानं रुमाल घडी करून खिशात घातला. "मी घरी बसणार, ते ठरलं तसं. पण सकाळी इथे येऊन बसेन. शटरजवळ, उजेडात. डोळ्यांना नाही, तर पाठीला तरी ऊन लागेल. कापणार तुम्ही, जावईबापू. आवाज मी ऐकेन. मोजणार पण तुम्हीच. आणि प्रत्येक पिनेचं माप मला मोठ्यानं वाचून दाखवायचं."

"हो, बाबा."

"मला ते तपासता येणार नाही."

"हो, बाबा," जावई म्हणाला. 

"म्हणून खरं वाचायचं," म्हातारा म्हणाला, आणि निळा हात पुढे करून कोणीतरी तो धरायची वाट बघत उभा राहिला.